खातेवही न हरवता संगणकाची डिस्क कशी बदलावी?

तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील, त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे गाव. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरील मंडळी किराणा, कापड, खत-बियाणे घ्यायला आणि लग्नपत्रिका छापायला इथे येतात. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्याच्या इतर भागांप्रमाणे इकडचीही पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात घरी राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे दुकानातून मीठ-मिरची उधारीवर नेतात. पैसे देणारा दूर उसाच्या फडात असतो आणि माल नेणारा दहा वर्षांचा पोरगा असतो. अशा व्यवहारात दुकानदाराजवळ त्याच्या वहीखेरीज दुसरा पुरावा नसतो. आणि आता ही वही बऱ्याच दुकानांत संगणकात गेली आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका किराणा व्यापाऱ्याचा संगणक फार मंद झाला. बटन दाबून चहा पिऊन यावे तरी पडदा तयार होत नसे. चाचांनी ओळखीच्या एका मेकॅनिकला बोलावले. त्याने नवी एसएसडी डिस्क आणली, जुन्या डिस्कवरील सगळे फोल्डर निवडले आणि नव्या डिस्कवर कॉपी-पेस्ट केले. काही फाइली 'वापरात आहेत' असे संगणकाने सांगितले, त्या त्याने वगळल्या. मग जुनी डिस्क काढून नवी लावली. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि संगणक तिथेच थांबला. मेकॅनिकने नवी डिस्क पुसून तिच्यावर विंडोज नव्याने टाकली. "चाचा, जुनी डिस्कही आतच ठेवू, जागा वाढेल," असे म्हणून तीही त्याने फॉरमॅट करून दिली. संध्याकाळी हिशेब उघडायला बसले तेव्हा उधारीचे खाते कुठेच नव्हते. दिवाळीआधी पेनड्राइव्हवर घेतलेली एक प्रत तेवढी हाती राहिली. त्यानंतरची पाच महिन्यांची उधारी गेली.

लोक ऊसतोडीवरून परतले तेव्हा चाचांनी प्रत्येकाला जे घडले ते खरे सांगितले. बहुतेकांनी घरच्यांना विचारून आकडा सांगितला आणि चाचांनी तो मान्य केला. एखाद्याचा आकडा कमी वाटला तरी ते बोलले नाहीत. माणसे चांगली म्हणून निभावले, पण दरवर्षी असे निभावेल या भरवशावर दुकान चालत नाही.

उधारी लिहून ठेवणे ही आपल्यासाठी केवळ धंद्याची सोय नाही. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा आळस करू नये असेही त्यात बजावले आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करणाऱ्या व्यापाऱ्याला दुकानातील शिल्लक माल आणि लोकांकडून येणे असलेली रक्कम याच वहीतून काढावी लागते. जीएसटी कायद्यानेही वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे बंधनकारक केले आहे. तेव्हा डिस्क बदलण्याचे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे, परंतु तो काय करतो आहे आणि त्याला कुठे थांबवायचे, हे मालकाला कळले पाहिजे.

कॉपी-पेस्ट का चालत नाही?

संगणकाच्या मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. बटन दाबताच सर्वप्रथम ती जागी होते. विंडोज काय, टॅली काय, तिला काही ठाऊक नसते. डिस्कवरील ठरलेल्या ठिकाणी जाऊन पुढचा पत्ता वाचायचा, एवढेच तिचे काम. जुन्या संगणकांत हे ठिकाण म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, अवघा ५१२ बाइटचा. त्यात सुरुवातीचा एक चिमुकला प्रोग्राम असतो आणि डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत त्याचा तक्ता असतो. या तक्त्यात चारच मुख्य भागांच्या नोंदी मावतात. या पद्धतीला एमबीआर म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक संगणकांत दुसरी पद्धत आहे, तिचे नाव जीपीटी. तिच्यात डिस्कवर सुमारे १०० एमबीचा एक वेगळा भाग राखलेला असतो आणि विंडोजला उठवणारी फाइल त्या भागात असते.

पहिला सेक्टर काय किंवा तो राखीव भाग काय, 'माय कॉम्प्युटर' उघडल्यावर यांपैकी काहीच दिसत नाही. तिथे सी आणि डी दिसतात. जे दिसत नाही ते निवडता येत नाही, म्हणून कॉपीही होत नाही. दुकानातला सगळा माल नव्या गाळ्यात नेऊन रचला, पण शटरची किल्ली जुन्या गाळ्यातच राहिली, तशी ही गत होते. माल आत आहे, दार उघडत नाही.

शिवाय चालू असलेली विंडोज स्वतःच्या काही फाइली धरून ठेवते. कोणता प्रोग्राम बसवला आहे, कोणता प्रिंटर जोडला आहे, कोणाचा पासवर्ड काय, याची तिची स्वतःची नोंदवही असते. तिला रजिस्ट्री म्हणतात. विंडोज चालू असताना ही नोंदवही साध्या कॉपीने उचलता येत नाही. चाचांच्या मेकॅनिकने 'वापरात आहेत' म्हणून ज्या फाइली वगळल्या त्यांत नेमकी हीच असणार.

याला उपाय म्हणजे क्लोन, अर्थात डिस्कची हुबेहूब नक्कल. क्लोन करणारा प्रोग्राम फोल्डर पाहत नाही, तो डिस्क पाहतो. पहिला सेक्टर, राखीव भाग, सी, डी, जे जसे आहे ते तसेच तो नव्या डिस्कवर उतरवतो. काही प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालतात. अशा वेळी विंडोज झोपलेली असते आणि कुठलीही फाइल अडून राहत नाही. काही प्रोग्राम चालू विंडोजमधूनच, त्या क्षणाचे चित्र गोठवून, नक्कल घेतात. दोन्ही रीती चांगल्या आहेत.

नक्कल करावी की नव्याने टाकावी?

पुष्कळ मेकॅनिक सांगतात, "भाई, नवीच विंडोज टाकू, साफ राहील." सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण सरसकट मानण्यासारखाही नाही. छापखान्याचे उदाहरण घेऊ. आपल्या गावांतील छापखान्यांत मराठी मजकुरासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम असते आणि उर्दू दावतनाम्यांसाठी इनपेज असते. हाताने किताबत करणाऱ्या कातिबांची जागा ज्या नूरी नस्तालीक लिपीने घेतली, ती मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये मोनोटाइपसाठी घडवली, आणि १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने ती साध्या संगणकावर आणली. (आमच्या पिढीने दोन्ही पाहिले. कातिबाच्या हातचा दावतनामा आजही वेगळा ओळखू येतो, पण तो विषय वेगळा.) या जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडी आता कोणाजवळ आहेत? काहींना डोंगल नावाचे कुलूप लागते, आणि जुने डोंगल प्रिंटरच्या रुंद खाचेत बसणारे आहे. नव्या संगणकाला ती खाचच नसते. अशा छापखान्यात विंडोज नव्याने टाकली तर वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली डिस्कवर असूनही उघडणार नाहीत, किंवा उघडल्या तरी अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसेल. या फाइली युनिकोडच्या नाहीत, त्या फॉन्टशिवाय त्यांना अर्थ नाही. इथे नक्कलच केली पाहिजे.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या, जीएसटीसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या आणि तीन-चार प्रिंटर जोडलेल्या दुकानालाही नक्कलच बरी. सगळे पुन्हा बसवायला दोन दिवस जातात आणि काहीतरी राहूनच जाते.

मात्र संगणकात व्हायरस शिरला असेल, पडद्यावर नको त्या जाहिराती येत असतील, तर नक्कल करू नये. व्हायरसचीही हुबेहूब नक्कल होते. चोरीची विंडोज असेल तर तीही नव्या डिस्कवर चोरीचीच राहते. तराजूत मासाभर फरक पडू न देणारे आपले काही बांधव सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत असतात. अस्सल विंडोजचा परवाना साधारणतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने तो जात नाही. ज्यांनी तो विकत घेतला आहे त्यांना पुन्हा खर्च नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. डिस्क बदलली म्हणजे विंडोज नवी होत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरवण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारणतः इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकाला एसएसडी लावल्याने तो वेगवान होईल, पण विंडोज ११ ला पात्र होणार नाही. पात्र असेल तर आधी नक्कल करून डिस्क बदलावी आणि सगळे सुरळीत चालल्यावर विंडोज ११ वर जावे. दोन्ही कामे एकाच दिवशी केली तर बिघाड कुठला ते कळत नाही.

डिस्क विकत घेताना

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि एक सुई त्यांवर मागेपुढे पळते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचते. प्रत्येक फाइलसाठी सुईला जागा बदलावी लागते आणि त्यात दरवेळी काही मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून असा शोध सुमारे शंभरपट लवकर होतो. सगळा फरक इथे आहे. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर फरक एवढा दिसत नाही.

सात-आठ वर्षांहून जुन्या संगणकासाठी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. मदरबोर्डवर थेट बसणारी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई डिस्क जास्त वेगवान असते खरी, पण जुने बोर्ड तिच्यावरून सुरूच होत नाहीत आणि विंडोज ७ मध्ये तिचा ड्रायव्हरही मुळात नाही. जुन्या संगणकावर साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक दुकानाच्या कामात जाणवत नाही. स्वस्तात टेराबाइटच्या गोष्टी सांगणाऱ्या अनोळखी डिस्का घेऊ नयेत. आत थोडीच जागा असते आणि वर मोठा आकडा छापलेला असतो. पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे.

आकार ठरवताना जुन्या डिस्कची क्षमता बघू नका, वापरलेली जागा बघा. एक टेराबाइटच्या डिस्कवर प्रत्यक्षात ९० जीबी भरलेले असेल तर २५६ जीबीची एसएसडी पुरते. मात्र मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर नक्कल करायची तर प्रोग्रामला भाग आखडता आले पाहिजेत. क्लोनझिला हा तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेला प्रोग्राम विनामूल्य आणि विश्वासू आहे, पण नवी डिस्क जुनीहून लहान असेल तर तो सहसा अडतो. सॅमसंग, वेस्टर्न डिजिटल, क्रुशल अशा कंपन्या आपली डिस्क घेणाऱ्याला नक्कल करण्याचा प्रोग्राम वेगळे पैसे न घेता देतात. दुकानाला तो सोयीचा पडतो.

कामाच्या दिवशी

सर्वात आधी हिशेबाची वेगळी प्रत घ्यावी. नक्कल होणारच आहे, मग वेगळी प्रत कशाला, असे मेकॅनिक म्हणेल. त्याचे ऐकू नये. नक्कल करताना सर्वात भयंकर चूक कोणती? कुठून कुठे, ते उलटे निवडणे. कोरी डिस्क 'मूळ' आणि भरलेली डिस्क 'लक्ष्य' असे चुकून निवडले तर प्रोग्राम इमानेइतबारे कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर करतो. दोन्ही डिस्का सारख्याच आकाराच्या असल्या की ही चूक सहज होते. म्हणून 'पुढे चला' दाबण्यापूर्वी पडद्यावरचे कंपनीचे नाव आणि आकार डिस्कवरच्या चिठ्ठीशी पडताळून मालकाने स्वतः पाहावेत.

टॅलीची प्रत घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा डेटा फोल्डर बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतो. 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप पेनड्राइव्हवर घेतले म्हणजे सगळे आले, असे समजणाऱ्यांची टॅली नेमकी मागे राहते. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटा कुठे आहे तो पत्ता दिसतो, तो कागदावर लिहून घ्यावा. टॅलीच्याच बॅकअपच्या सोयीने प्रत घ्यावी आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती उघडून कालची शेवटची नोंद दिसते का पाहावे. न उघडून पाहिलेली प्रत हिशेबात धरू नये. टॅलीचा सिरियल नंबर आणि नोंदणीचा ई-मेलही हाताशी असू द्यावा. डिस्क बदलल्यावर टॅली परवाना पुन्हा चालू करायला सांगू शकते, आणि तेव्हा कळते की ई-मेल ज्याने टॅली बसवून दिली त्याच्याच नावाचा आहे, तो माणूस आता पुण्यात आहे आणि त्याचा नंबर बदलला आहे.

दुसरी गोष्ट जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा विनामूल्य प्रोग्राम ती दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे खराब. डिस्क टकटक आवाज करीत असेल किंवा पिवळ्या-लाल रंगात असेल तर आधी हिशेब उचलावा, मग नक्कल. मरणाऱ्या डिस्ककडून सगळ्याची नक्कल करून घेताना ती मधेच बंद पडते आणि हिशेबही जातो. डिस्क ठीक असेल तर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्सखाली एरर चेकिंग एकदा चालवावे. जुन्या चुका इथेच दुरुस्त झालेल्या बऱ्या.

नव्या लॅपटॉपवर काम असेल तर बिटलॉकर चालू आहे का तेही विचारावे. ही डिस्कला कुलूप लावणारी सोय आहे आणि विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत ती मालकाच्या नकळतही चालू झालेली असते. तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, नक्कल करण्यापूर्वी कुलूप काढावे, नंतर पुन्हा लावावे.

विजेची गोष्ट आपल्याकडे वेगळी सांगायला नको. नक्कल व्हायला अर्ध्या तासापासून तीन-चार तासही लागतात, आणि मधेच वीज गेली की नवी डिस्क अर्धवट राहते. नुसती नक्कल चालू असेल तर जुन्या डिस्कला सहसा धोका नसतो, पुन्हा सुरुवात करता येते. पण काही मेकॅनिक आधी जुन्याच डिस्कवरील भाग आखडून घेतात, आणि त्या वेळी वीज गेली तर मूळच बिघडते. म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय काम सुरू करू नये आणि भारनियमनाची वेळ टाळावी. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जरही लावून ठेवावा.

पेनड्राइव्हवरून नक्कल करायची असेल तर विंडोज पुरती बंद करावी. अलीकडची विंडोज 'शट डाउन' म्हटले तरी पुरती बंद होत नाही, लवकर उठता यावे म्हणून अर्धवट झोपते. अशा डिस्कला क्लोनझिला हात लावायला नकार देतो. शिफ्ट बटन दाबून धरून शट डाउन केले की ती पूर्ण बंद होते.

पहिल्यांदा सुरू करताना

नक्कल झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क काढून ठेवावी आणि फक्त नवी लावून सुरू करावा. आळसाने दोन्ही लावून सुरू केले तर संगणक जुन्याच डिस्कवरून उठतो आणि आपण समजतो की नवी चालू आहे. दिवसभराच्या नोंदी जुन्या डिस्कवर जातात. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक जुनी डिस्क काढून नेतो आणि एक दिवसाचा हिशेब तिच्याबरोबर जातो. शिवाय नकलेमुळे दोन्ही डिस्कांची ओळख-खूण एकच झालेली असते. विंडोज अशा जुळ्यांपैकी एकीला बाजूला काढते आणि गोंधळ वाढतो.

नवी डिस्क एकटी लावल्यावरही 'डिस्क सापडत नाही' असे आले तर घाबरू नये. बायोसच्या पडद्यात सुरुवात कोणत्या डिस्कवरून करायची तो क्रम असतो, त्यात नव्या डिस्कला वर आणावे. निळा पडदा येऊन 'बूट डिव्हाइस'बद्दल तक्रार दिसली तर बहुधा बायोसमध्ये कोणीतरी आयडीई आणि एएचसीआय यांची अदलाबदल केलेली असते. जुन्या डिस्कच्या वेळी जे होते तेच परत ठेवावे. एनव्हीएमई डिस्कवर गेल्यास हाच निळा पडदा ड्रायव्हर जागा न झाल्याने येतो, आणि एकदा सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर पुष्कळदा सुटतो. यातले काहीच जमले नाही तर जुनी डिस्क परत जोडावी आणि दुकान चालू ठेवावे. क्लोनची मोठी सोय हीच की जुनी डिस्क जशीच्या तशी शाबूत असते, अर्थात ती कोणी फॉरमॅट केली नसेल तर.

विंडोज सुरू झाली की मेकॅनिकला लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नये. टॅली उघडून शेवटची नोंद पाहावी, एक बिल छापावे, जीएसटीच्या संकेतस्थळावर टोकन चालते का ते बघावे, छापखाना असेल तर जुनी मराठी पत्रिका आणि जुना उर्दू दावतनामा उघडून पाहावा. वीस मिनिटांचे काम आहे. विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्हच्या सोयीत नवी डिस्क एसएसडी म्हणून दिसते का तेही पाहून घ्यावे. विंडोज एक्सपीच्या काळात भाग पाडलेली फार जुनी डिस्क असेल तर तिचे भाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतात, आणि एसएसडीला ही सुरुवात सोसत नाही, कामे हळू होतात. नक्कल करताना भाग एक एमबीच्या हद्दीला लावून घ्यायला मेकॅनिकला सांगावे.

जुन्या डिस्कचे काय करावे?

निदान एक महिना तिला हात लावू नये. तारीख घालून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी. जीएसटीचे एक विवरणपत्र भरून झाले, एक महिनाअखेर नव्या डिस्कवर निघाली, मग तिचा विचार करावा. एसएसडीचा एक दुर्गुण विसरता कामा नये. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते, टकटकते, हळू होते. एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता जाते. सकाळी चालू होती, दुपारी दिसतच नाही. शिवाय पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही तिच्यात कमी. हार्ड डिस्कवर फॉरमॅट म्हटले तरी बऱ्याचदा वरची यादीच पुसली जाते आणि खालचा मजकूर दुसरे काही लिहीपर्यंत टिकतो. एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करते. चाचांची जुनी हार्ड डिस्क 'क्विक फॉरमॅट' केलेली होती. त्याच क्षणी बंद करून जाणकाराकडे नेली असती तर बरेचसे परत मिळाले असते. पण त्यावर मेकॅनिकने मुलांसाठी कार्टून भरून दिली होती.

म्हणून हिशेबाची प्रत आठवड्याला दोनदा तरी घ्यावी. दोन पेनड्राइव्ह आळीपाळीने वापरावेत आणि एक घरी न्यावा. दुकानाला आग लागली किंवा चोरी झाली तर संगणकाशेजारचा पेनड्राइव्ह संगणकाबरोबरच जातो. महिनाभरानंतर जुनी हार्ड डिस्क बाहेरच्या डबीत घालून तिसरी प्रत ठेवायला वापरली तर उत्तम. रोजच्या धावपळीतून सुटलेली धडधाकट हार्ड डिस्क या कामी बरीच वर्षे टिकते.

ती विकायची किंवा भंगारात द्यायची झाली तर मात्र पूर्ण पुसून द्यावी. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या आपल्या बांधवांच्या डिस्कवर गावातील शेकडो लोकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, बँकेची पासबुके असतात. लोकांनी ती विश्वासाने दिलेली अमानत आहे. क्विक फॉरमॅट यासाठी पुरत नाही. फॉरमॅट करताना 'क्विक' समोरची खूण काढावी. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत असे पूर्ण फॉरमॅट त्या भागाच्या सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. डिस्कवर सी आणि डी असे दोन भाग असतील तर दोन्हींचे करावे. वेळ लागतो, रात्री लावून ठेवावे. बंद पडलेली डिस्क असेल तर पुसता येत नाही. तिच्यातून ड्रिलने आरपार दोन-तीन छिद्रे पाडून मगच ती भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकावी.